एरियलच्या जाळीवर जगलेला रेडिओ

"सर, आपला टेप मेला," अण्णांनी मे महिन्यातल्या एका गुरुवारी संध्याकाळी गेटातूनच सांगितलं. टेप म्हणजे गाडीतला रेडिओ. कॅसेट जाऊन जमाना झाला, पण साठीपुढची माणसं अजून त्या डब्याला टेपच म्हणतात. अण्णा माझे शेजारी, जुळे सोलापुरातले. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हयात गेली. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. दर गुरुवारी ते आणि वहिनी स्वामींच्या दर्शनाला अक्कलकोटला जातात. जाताना चाळीसेक किलोमीटर, येताना तेवढेच, आणि सगळा वेळ १०३.४ वर आकाशवाणी सोलापूर. त्या गुरुवारी वळसंगच्या अलीकडे एका गतिरोधकावर गाडी जरा जोरात आदळली, गाणं मध्येच तुटलं आणि परत लागलंच नाही.

हे प्रकरण लिहून काढतोय, कारण यात रेडिओ बिघडलेलाच नव्हता. ते कळायला मला दोन सकाळी लागल्या, आणि त्यातली पहिली मी पूर्ण वाया घालवली. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या ट्रेडला वर्षानुवर्षं शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला हे लिहायला अवघड जातं, पण पोरांना प्रयोगवहीत चुकलेलं रीडिंग खोडू नका म्हणून दटावायचो, तेव्हा इथंही खोडत नाही.

तक्रार आणि साक्षी

गाडी २०१३ सालची छोटी हॅचबॅक. सेट कंपनीचा नाही. गाडी घेतली तेव्हा शोरूमनंच बसवून दिलेला साधा, एका खणाचा, एफएम आणि पेनड्राइव्ह चालणारा. परत येताना अण्णा एका ॲक्सेसरीजच्या दुकानात थांबले होते. तिथल्या पोरानं पाच मिनिटं मीटर लावून निकाल दिला : "करंट सगळीकडं येतोय, म्हणजे सेट गेला. टचस्क्रीन टाका, नऊ हजारात करून देतो." ते महाग वाटत असेल तर एक वापरलेला जपानी सेटही त्याच्याकडं होता, दीड हजारात.

त्या जपानी सेटबद्दल आधीच सांगून टाकतो, कारण अण्णांचा जीव त्यातच अडकला होता. आपल्याकडं एफएमचा पट्टा साधारण ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. जपानात तो ७६ पासून सुरू होतो आणि पूर्वी ९० ला संपायचा, आता ९५ पर्यंत आहे. तिथल्या बाजारासाठी बनलेल्या जुन्या सेटवर १०३.४ हा आकडाच येत नाही. मधे कन्व्हर्टर लावून जमवतात, पण आवाजाची रया जाते. "म्हणजे दीड हजार देऊन आकाशवाणीच नाही? मग काय लोणचं घालू त्याचं?" असं म्हणून अण्णांनी तो विषय सोडला.

मी विचारलं, मेला म्हणजे नेमकं काय झालं? हा प्रश्न उगाच नसतो. डिस्प्ले लागतो, आकडे दिसतात, पण आवाजच नाही, तर संशय स्पीकरवर किंवा सेटमधल्या ॲम्प्लिफायरवर जातो. आवाज आहे, पेनड्राइव्ह वाजतो, पण स्टेशन लागत नाही, तर एरियलकडं बघायचं. बॅटरी बदलल्यावर स्क्रीनवर कोड मागत बसला असेल, तर बिघाड नाहीच, ती चोरीपासूनची कुलूपबंदी असते, गाडीच्या कागदांत तो नंबर सापडतो. आणि काहीच लागत नाही, पूर्ण अंधार, तर आधी करंट, मग अर्थिंग (करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडं परत जायची वाट), आणि सेट सगळ्यात शेवटी. अण्णांचा सेट या शेवटच्या जातीचा. "काहीच नाही. कोळशासारखा काळा."

"टक वाजतं की तो," वहिनी आतून म्हणाल्या.

"काय वाजतं?"

"चावी फिरवली की टक. एकदाच. स्पीकरातनं. आणि भाऊजी, तीन आठवडे झाले, गाडी पळवली की गाण्याच्या मागं शिट्टी वाजायची. हळू झाली की शिट्टी हळू. मी यांना म्हणत होते, तर हे म्हणतात ऊन आहे म्हणून."

अण्णांनी हात झटकला. उन्हाळ्यात सगळंच वाजतं, असं त्यांचं म्हणणं. मीही मान हलवली आणि पुढं गेलो. आज मागं वळून बघताना दिसतं की सगळं निदान वहिनींच्या त्या तीन वाक्यांत होतं. टक वाजतं म्हणजे सेट मेलेला नाही, उठायचा प्रयत्न करून बसतोय. इंजिनाच्या वेगाबरोबर शिट्टी चढते-उतरते म्हणजे आल्टरनेटरची, इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची, लहर आवाजात घुसतेय, आणि ती घुसते बहुतेक वेळा अर्थिंगच्या वाटेनं. दर वर्षी फळ्यावर काढून दाखवायचो मी हे. पण समोर गाडी होती, हातात मीटर होता, आणि शेजारच्या सीटवर बसून गाणी ऐकणाऱ्या बाईचं ऐकण्याऐवजी मी फ्यूज बघायला वाकलो.

गाडीत अलीकडं काही काम केलंय का, हेही विचारलं होतं. "काही नाही," अण्णा म्हणाले. हे उत्तर लक्षात ठेवा.

पहिली सकाळ

सोलापुरात मे महिन्यात डॅशबोर्डखाली डोकं घालायचं तर सकाळी सातच्या आत. नऊनंतर बंद गाडीचा पत्रा हात लावू देत नाही.

चालकाच्या गुडघ्याजवळच्या फ्यूज बॉक्सपासून सुरुवात केली. रेडिओला सहसा दोन वाटांनी करंट मिळतो. एक कायमची, स्टेशनं आणि घड्याळ लक्षात ठेवण्यासाठी, आणि ती बऱ्याच गाड्यांत छताच्या दिव्याच्या फ्यूजवरच असते. दुसरी चावीवरची, जिच्यावर मोबाईल चार्ज करायचा सॉकेटही असतो. म्हणून झाकण काढायच्या आधी दिवा आणि सॉकेट बघून घ्यावं, अर्धं उत्तर फुकट मिळतं. इथं दोन्ही चालू होते. तरी फ्यूज काढून बघितले. नुसतं डोळ्यानं बघून भागत नाही, तार कधीकधी पायाशी केसाएवढी तुटलेली असते, म्हणून दोन्ही टोकांवर मीटर लावला. दोन्हीकडं १२.४ व्होल्ट.

(फ्यूज उडाला असता तर दहाचा लाल काढून दहाचा लालच घालायचा. वीसचा पिवळा बसतोय म्हणून तो घालू नये. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून घालणारे महाभाग मी बघितलेत, आणि त्यातल्या एकाच्या डॅशबोर्डमधून धूर निघालेलाही बघितलाय.)

मग सेट बाहेर काढला. असे सेट एका पत्र्याच्या चौकटीत बसतात आणि दोन्ही बाजूंनी चपट्या पट्ट्या खुपसल्या की सुटतात. पट्ट्या अर्थातच दहा वर्षांपूर्वी हरवलेल्या. हॅकसॉ ब्लेडचे दोन तुकडे घासून काम झालं. ही पत्र्याची चौकट पुढच्या प्लॅस्टिकच्या पॅनेलमध्ये अडकवलेली होती, गाडीच्या लोखंडाला ती कुठंच टेकत नव्हती. तेव्हा हे नुसतं बघितलं, त्याचा अर्थ नंतर लागला.

सेट ओढल्याबरोबर मागं एरियलची केबल लोंबकळताना दिसली, पिन सॉकेटातून बाहेर. माझ्याच ओढण्यानं निघाली असणार, असं मी धरून चाललो. या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक ती.

आता वायरी. बाजारातल्या सेटना रंग ठरलेले असतात : पिवळी कायमची, लाल चावीवरची, काळी अर्थिंग. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी या जोड्या चार स्पीकरच्या. निळी एरियलच्या बूस्टरसाठी किंवा वेगळ्या ॲम्प्लिफायरला जागं करण्यासाठी. हे रंग सेटच्या बाजूचे. गाडीच्या बाजूला कंपनी आपल्या मनाचे रंग देते, तिथं रंगावर विसंबू नये. आणि डॅशबोर्डखाली पिवळ्या आवरणातली जाडसर जुडी दिसली तर ती एअरबॅगची असते, तिला मीटर काय, बोटही लावायचं नाही.

मीटरची काळी सुई दाराजवळच्या एका उघड्या स्क्रूला लावली, लाल सुई कपलरच्या (गाडीच्या वायरी सेटला जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडाच्या) पिवळ्यावर : १२.४. चावी फिरवून लाल वायरवर : १२.३. काळी वायर बघायची म्हणून पिवळी आणि काळी यांच्यामध्ये मीटर लावला : १२.४. सगळं ठाकठीक. सेटच्या पाठीवरचा फ्यूज, तोही साबूत.

म्हणजे दुकानातला पोरगा बरोबर. करंट आहे, अर्थिंग आहे, फ्यूज आहेत, सेट काळा. मी अण्णांना सांगितलं, सेट गेला बहुतेक, घरी नेऊन उघडून बघतो. अण्णांचा चेहरा पडला. नऊ हजारांचं काही नव्हतं, टचस्क्रीनवर स्टेशन कसं लावायचं याची धास्ती होती.

दुपारी माझ्या टेबलावर सेट ठेवला. उघडायच्या आधी म्हणून जुन्या यूपीएसची बारा व्होल्टची बॅटरी घेतली, पिवळी आणि लाल एकत्र करून अधिकला, काळी वजाला, आणि करड्या जोडीवर एक पडीक स्पीकर. एरियलच्या भोकात हातभर वायर खुपसली. सेट झटकन उजळला आणि १०३.४ वर खणखणीत गाणं सुरू झालं. मी पंख्याखाली बसून ते पूर्ण ऐकलं. करणार काय दुसरं?

एरियल आणि डिस्प्लेचा काय संबंध

शनिवारी सकाळी पुन्हा गाडीत. टेबलावर गाणारा सेट नुसत्या कपलरवर लावला, चावी फिरवली. वहिनींचं "टक" मी पहिल्यांदा स्वतःच्या कानानं ऐकलं. पुन्हा अंधार. मग काहीच सुचेना म्हणून, म्हणजे खरोखरच दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून, लोंबकळणारी एरियलची पिन सेटच्या पाठीत खोचली.

डिस्प्ले लागला. गाणं सुरू झालं.

"झालं की सर!" अण्णा टाळ्या वाजवून मोकळे. "एरियल निघाली होती एवढंच!"

एरियल निघाली तर स्टेशन जाईल. खरखर येईल. डिस्प्ले का जाईल? मी पिन काढली, सेट विझला. खोचली, लागला. चार वेळा केलं. अण्णांना वाटलं, सरांना ऊन लागलं.

एरियलची केबल आतून कशी असते ते इथं सांगायला हवं. मध्ये एक बारीक तार, तिच्यावरून स्टेशनचा सिग्नल येतो. तिच्याभोवती प्लॅस्टिक, आणि त्यावर तांब्याची विणलेली जाळी, बाहेरून काळं आवरण. ती जाळी सिग्नलची राखण करते. एका टोकाला छतावर ती गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते, दुसऱ्या टोकाला पिनेच्या बाहेरच्या नळीतून सेटच्या पत्र्याच्या डब्याला. आणि डबा म्हणजेच सेटची अर्थिंग. थोडक्यात, सेटपासून गाडीच्या बॉडीपर्यंत परत जायला दोन रस्ते आहेत : सरकारी रस्ता म्हणजे काळी वायर, आणि शेतातली पायवाट म्हणजे एरियलची जाळी. पिन खोचल्यावरच सेट चालत असेल, तर सरकारी रस्ता बंद आहे आणि सगळी वाहतूक पायवाटेनं चाललीय.

पण काळ्या वायरवर तर मीटरनं १२.४ दाखवले होते!

इथं माझं शिक्षकपण जागं झालं. डिजिटल मीटरची स्वतःची आतली अडवणूक साधारण एक कोटी ओहम असते, म्हणजे तो वायरमधून जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. वाटेत दहा ओहमचा कुजका जॉइंट असला, तर मीटरच्या त्या नगण्य प्रवाहाला तिथं दहा लाख भागांतला एखादा भाग व्होल्टेज गमवावं लागतं. मीटरला तो जॉइंट दिसतच नाही. नळ उघडायच्या आधी पाइपातला दाब मोजला तर टाकी भरलेली असेपर्यंत दाब पूर्णच येणार. पाइपात गाळ किती साचलाय ते पाणी सोडल्यावरच कळतं. सोलापूरकराला हे नळाचं गणित वेगळं समजवायला नको.

म्हणून पाणी सोडून बघायचं. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी. बारा व्होल्टला तो पावणेदोन अँपियर ओढतो, साधा सेट मध्यम आवाजात जेवढं ओढेल त्याच्या आसपासच. एरियल बाजूला काढली, सेट कपलरवरून सोडवला. बल्ब पिवळी आणि बॉडीचा स्क्रू यांमध्ये : लख्ख. लाल आणि स्क्रू : लख्ख. पिवळी आणि काळी : निखाऱ्यासारखा लालसर, नुसती तार दिसावी इतपत. बल्बवर मीटर लावला तर ३.६ व्होल्ट. उरलेले पावणेनऊ काळ्या वायरच्या वाटेतच खर्च होत होते. मंद बल्बातून एक अँपियरपेक्षा जरा कमी प्रवाह जात असणार, तेव्हा वाटेतली अडवणूक साधारण दहा ओहमची.

आता "टक" चाही अर्थ लागतो. चावी नसताना सेट घड्याळापुरते काही मिलीअँपियर ओढतो, त्याला दहा ओहम म्हणजे काहीच नाही. चावी फिरवल्यावर तो अर्धा-एक अँपियर मागतो, तेवढ्यात पाच-दहा व्होल्ट त्या जॉइंटमध्ये गळतात, सेटचा मेंदू म्हणतो वीज पुरेशी नाही, आणि परत झोपतो. उठला, पडला. टक.

जावईबापूंचा कॅमेरा

काळ्या वायरमागं हात घातला तर एका वितीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा गोळा लागला. टेप चिकटलेली नव्हती, चिकटलेली असल्यासारखी होती. डिंक वितळून बाहेर आलेला, बोटं काळी. गोळ्यातून एक बारीक, वेगळ्याच जातीची वायर निघून डावीकडच्या खांबाकडं वर जात होती.

"अण्णा, हे काय?"

अण्णा थोडा वेळ आकाशाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तो जावईबापूंनी कॅमेरा दिलाय न्हवं, पुढं लावलेला. अक्षय्य तृतीयेला. त्याचं कनेक्शन त्या दुकानातनं करून घेतलं." दुकान तेच, निकाल देणारं. पहिल्या दिवशी का सांगितलं नाही, तर जावयानं दिलेल्या वस्तूनं गाडी बिघडली असं निघालं असतं तर घरात बोलायची सोय राहिली नसती. शिवाय कॅमेरा उत्तम चालू होता, मग वायरिंगचा दोष असेलच कसा?

वरवर पाहता रास्त सवाल. गोळा सोडवला तेव्हा उत्तर दिसलं. दुकानातल्याने सेटची काळी वायर मधोमध कापली होती, कॅमेऱ्याच्या ॲडॉप्टरची काळी वायर तिच्यात घालून तिघींना हातानं पीळ दिला होता आणि वर टेप. बंद गाडीत दुपारी जी भट्टी पेटते तीत टेपचा डिंक सुटला, पीळ सैल झाला. कॅमेऱ्याची वायर बॉडीकडच्या तुकड्यात घट्ट राहिली, कारण ती बारीक होती आणि नीट गुंडाळली गेली होती. सेटकडचा तुकडा मात्र तीन-चार काळवंडलेल्या तारांवर टेकलेला होता. त्याच जॉइंटवर एकाला पूर्ण अर्थिंग, दुसऱ्याला नावापुरतं.

आणि सेट परत आत ढकलताना त्यानं एरियलची पिन अर्धीच बसवली असणार. पिन पूर्ण बसते तेव्हा बोटाला एक खटका जाणवतो, हातानं आत चाचपताना तो चुकतो.

आता क्रम जुळतो. अक्षय्य तृतीयेला कॅमेरा लागला. त्या दिवसापासून काळी वायर हळूहळू सुटत गेली आणि सेट एरियलच्या जाळीवर जगू लागला. ती जाळी अँपियर वाहून न्यायला बनवलेलीच नाही. सेटचा सगळा परतीचा प्रवाह तिच्यातून जाऊ लागला, तिच्या दोन टोकांत थोडं व्होल्टेज उभं राहिलं आणि आल्टरनेटरची लहर त्यावर स्वार होऊन आवाजात शिरली. आल्टरनेटर तीन फेजची वीज बनवतो, डायोड तिला एका दिशेची करतात, पण थोडी थरथर उरतेच, आणि इंजिन जितकं जोरात तितका त्या थरथरीचा सूर चढा. हीच वहिनींची शिट्टी. वळसंगच्या गतिरोधकावर अर्धी बसलेली पिन निसटली, पायवाटही बंद झाली, आणि गाणं तुटलं. मी सेट ओढला तेव्हा पिन लोंबकळत होती ती माझ्यामुळं नाही, गुरुवारपासून तशीच होती.

खातरजमा म्हणून पिन खोचून, सेट चालू ठेवून, सेटचा डबा आणि बॉडीचा स्क्रू यांमध्ये मीटर लावला. चांगल्या अर्थिंगवर तिथं ०.१ व्होल्टच्या खाली यायला हवं. इथं ०.४ होते आणि आवाज वाढवला की ०.७ पर्यंत चढायचे. इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर दाबला आणि वहिनींना बोलावलं. "हीच!" त्या म्हणाल्या.

काम

दुरुस्ती अर्ध्या तासाची. काळी वायर दोन्हीकडं तांबं चकचकीत लागेपर्यंत कापली, मधे नवा तुकडा घालून दोन्ही जॉइंट नळीच्या कनेक्टरनं दाबून घेतले, वर हीट श्रिंकची स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी. डाग द्यायचा (म्हणजे सोल्डर करायचं) की दाबायचं, यावर आमच्या ट्रेडमध्ये कायम वाद. गाडीत मी दाबण्याच्या बाजूचा आहे, कारण डागाच्या कडेला वायर कडक होते आणि हादऱ्यानं तिथंच मोडते. पण चांगला डाग हा पिळापेक्षा हजारपट बरा, हेही खरं. कॅमेऱ्याची काळी वायर त्या जॉइंटमधून कायमची काढली, तिला वेगळं गोल थिंबल (टोकाला बसवायची धातूची कडी) मारून डॅशबोर्डखालच्या लोखंडी पट्टीच्या बोल्टला लावली. बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरनं घासून. रंगावर बसवलेली अर्थिंग म्हणजे पुन्हा तीच कथा.

एरियलची पिन खटका ऐकू येईपर्यंत दाबली.

मग पुन्हा बल्ब. पिवळी आणि काळी : लख्ख. सेट बसवल्यावर डबा आणि बॉडीमध्ये ०.०३ व्होल्ट, आवाज वाढवूनही हलेना. मुद्दाम एरियल काढून बघितली : डिस्प्ले चालू, फक्त स्टेशन गेलं. तसंच व्हायला हवं.

सामानाचा खर्च चाळीस रुपयांच्या आत. मजुरी म्हणून वहिनींनी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा दिला, तो बाजारभावानं जास्तच झाला.

एक गोष्ट मात्र पूर्ण सुटली नाही. शिट्टी गेली, पण कॅमेरा चालू असताना १०३.४ च्या मागं बारीक खरखर राहते, गावाबाहेर सिग्नल क्षीण झाला की जास्त. कॅमेऱ्याचा ॲडॉप्टर बाराचे पाच व्होल्ट करतो तो सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होऊन, आणि त्या खटाटोपाचा कचरा एफएमच्या पट्ट्यात सांडतो. स्वस्त ॲडॉप्टरमध्ये तो अडवायचे सुटे भाग वाचवलेले असतात. त्यातून दुकानदारानं त्याची वायर डावीकडच्या खांबातून एरियलच्या केबलला खेटून आणलेली. मी ॲडॉप्टर खाली लांब सरकवला, वायर दुसऱ्या बाजूनं फिरवली, जुन्या मॉनिटरच्या केबलवरचा फेराइटचा मणी (असा कचरा अडवणारा) काढून तिच्यावर बसवला. खरखर निम्म्याहून कमी झाली. चांगला ॲडॉप्टर आणला तर आणखी जाईल, पण तो आणायचा म्हणजे जावईबापूंच्या भेटीत खोट काढल्यासारखं होतं, म्हणून तो प्रस्ताव घरात अजून मांडला गेलेला नाही.

सध्या अण्णांनी आपल्यापुरता तोडगा काढलाय. कुंभारी ओलांडली की कॅमेऱ्याची पिन काढतात आणि अक्कलकोटच्या वेशीवर परत लावतात. जावई बरोबर असले की कॅमेरा पूर्ण वाट चालू राहतो, आणि गाण्यामागची खरखर अण्णा निमूट ऐकून घेतात.